अर्धी गोळी

मंगळवार, १२ मार्च १९७४. कवठे महांकाळ

ही वही डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावली. बाळ किती वेळा प्यालं, किती झोपलं, शी झाली का, रडलं का, गोळी दिली का, सगळं रोज लिहायचं आणि येताना वही घेऊन यायचं. "सातवी पास आहेस ना? मग लिही," म्हणाल्या. लिहीन. पुढच्या बाजूनं त्यांच्यासाठी लिहीन. ही मागची बाजू माझी. इथं कुणी डोकवायचं काम नाही.

झालं असं, बाळ चाळीस दिवसांचं झालं तरी अंगाचा पिवळेपणा जाईना म्हणून सांगलीला नेलं. गुणाला कुणाजवळ ठेवायचं, म्हणून तिलाही काखेला मारलं. गुणमाला माझी थोरली. आठ वर्षांची आहे, पण बघणारा तीन म्हणतो. जीभ तोंडात मावत नाही, अंग कायम गार, बोलणं नाही. गाव वेडी म्हणतं. मी कुणाला म्हणू देत नाही, निदान माझ्या तोंडासमोर.

चिरमुलेबाई म्हणून सातारच्या डॉक्टरीण आहेत, मोठ्या दवाखान्यात नवीनच आल्यात. त्यांनी बाळाकडं बघितलंच नाही आधी. गुणाकडंच बघत राहिल्या. तिची मान चाचपली, जीभ बघितली, हात हातात धरून ठेवला. मग एकदम बाळाचं दुपटं सोडलं आणि विचारलं, "हे रडतं का?"

मी तोऱ्यात सांगितलं, "न्हाई बाई, लय शहाणं हाय. पाजायलासुदीक उठवावं लागतं."

"आणि ही? तान्ही असताना?"

"ही बी तशीच शहाणी हुती," म्हणाले, आणि म्हणता म्हणता बाळाचं दुपटं परत गुंडाळायला लागले.

बाईंनी बाकावर बसवून सांगितलं. गळ्यात एक गाठ असते, तिचा रस मेंदूला वाढवतो. माझ्या दोन्ही पोरींच्या गळ्यातली ती गाठ कामच करत नाही. तो रस गोळीतनं द्यायचा, रोज एक, जन्मभर. पण मेंदू वाढतो तो पहिल्या वर्षात. "हे वर्ष हातचं घालवलंस तर हीसुद्धा तशीच होईल," असं गुणाकडं बोट करून म्हणाल्या. गुणा बोटाकडं बघून हसली.

शुक्रवार, १५ मार्च

गोळ्या आणायला हे काल सांगलीला गेले आणि रिकाम्या हातानं आले. दुकानदारानं बाटली दिली, वर सांगितलं की मेंढराच्या गळ्यातली गाठ वाळवून तिची पूड करतात. आमच्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात. दिवस मावळला की चूल बंद. यांनी बाटली तिथंच ठेवली आणि एसटी धरली.

आत्या म्हणाल्या, "बरं केलंस जिनपाल. एक जीव वाचवाया दुसरा जीव घरात आणायचा? आपलं कर्म हाय, आपणच फेडू." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या वडलांच्या सख्ख्या बहीण. आमच्यात पहिला मान आत्याच्या पोराचाच, म्हणून मी जन्मले तेव्हाच मला यांच्या नावानं धरलेली.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं का? रात्रभर बाळाकडं बघत होते. ते आपलं झोपलेलं.

शनिवार, ३० मार्च

बाईंनी यांना चांगलंच झापलं म्हणे. मग म्हणाल्या, कारखान्यात बनवलेल्या गोळ्यापण असतात, त्यात कुठला जीव नाही, पण त्या मुंबईहून मागवाव्या लागतील. त्यात हे पंधरा दिवस गेले. आज बाटली हातात दिली आणि बजावलं, "रोज सकाळी एक. चमच्यात चुरायची, अंगावरच्या दुधात कालवायची. या मोजक्याच मिळतात, एकीपुरत्या."

मी विचारलं, "आणि हिला?"

गुणा तेव्हा टेबलाजवळ उभी होती. चार-पाच शिकाऊ पोरं भोवती गोळा झाली होती आणि बाई त्यांना इंग्रजीत शिकवत होत्या. एकानं जीभ दाबून बघितली. एकानं फूटपट्टी लावून उंची घेतली. दुसऱ्यानं तिची मूठ उघडून बोटं मोजली, जशी काही कमीजास्त असणार होती. बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हिला आता काय उपयोग? आठ वर्षं झाली. वेळ गेली हिची." रागानं नव्हे हो. पाऊस येणार नाही असं सांगतात तसं सांगितलं.

वेळ गेली म्हणे! वेळ घालवली कुणी? आमच्या गावच्या डॉक्टरांनी गुणा दीड वर्षाची असताना सांगितलं, "मंद आहे, हिच्यामागं लागू नका, दुसरं होऊ द्या." मिरजेच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं, लाल रंगाचं, दोन वर्षं पाजलं. तिसऱ्यानं आधी विचारलं, नात्यातलं लग्न का? व्हय म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, मग रडता कशाला. चौथ्यानं वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता लिहून दिला. मान कुणीच चाचपली नाही. बाईंनी एका मिनिटात चाचपली, तर तिची वेळ गेलेली.

येताना एसटीत गुणाचे हात माझ्या पदरात धरून बसले. एवढ्या उन्हाचे ते गारच.

शनिवार, २० एप्रिल

रडलं! पहाटे दुधाला उशीर झाला तर बाळ असं टाहो फोडून रडलं की आत्या न्हाणीतनं ओल्या पायानं धावत आल्या. "अगं बया, रडतंय की गं!" आम्ही दोघी बघत उभ्या, ते रडतंय आणि आम्ही हसतोय. घ्यायचं भानच नाही. शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, ह्या घरातली माणसं येडी झाली. आत्यांनी त्यांच्या हातावर साखर ठेवली.

आज नाव ठेवलं. त्रिशला. चार जणींनी नाव कानात सांगितलं, तेव्हा पण रडली. गुणा पाळण्याची दोरी सोडत नव्हती.

शनिवार, १८ मे

बाईंची साताऱ्याला बदली झाली. गोळ्यांची बाटली पार्सलनं सांगलीच्या स्टँडवर येईल, हे आणतील. पावसाळा उतरला की दाखवायला आण, असं कार्ड आलंय.

आज एक गोष्ट झाली, पुढच्या बाजूला लिहिली नाही. त्रिशलाला गोळी पाजली, चमच्याला थोडी पांढरी पूड राहिली होती. धुणार तोवर गुणानं चमचा घेऊन चाटला. आमच्या घरात रीतच आहे, एका पोराच्या तोंडात काही घातलं तर दुसरं समोर असताना हात रिकामा ठेवायचा नाही. शेंगदाणा असला तरी मोडायचा. आत्यांनी सगळी पोरं तशीच वाढवली, माझे वडीलपण तसेच वाढले. आणि रोज सकाळी मी गुणाच्या देखत धाकटीला भरवते आणि थोरलीला काही नाही. ती रोज आ करते.

बाजारातल्या, मेंढराच्या गाठीच्या तरी गुणासाठी आणूया का, असं यांना विचारलं. म्हणाले, "धाकटीला आणल्या न्हाईत, आता हिच्यासाठी आणू? डॉक्टरीणच म्हणती उपेग न्हाई." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

रविवार, ९ जून

आजपासून गोळी मोडते आहे. विळीच्या पात्यावर ठेवून पाटानं दाबली की बरोबर मधोमध तुटते. अर्धी त्रिशलाला, अर्धी गुणाला.

उगाच नाही करत. त्रिशला आता रडते, हसते, मान धरते, पिवळेपणा गेला. दुखणं हटलं ते हटलं. एवढ्याशा जिवाला अख्खी गोळी कशाला? पाच किलोचं नाही ते. आणि गुणाची वेळ गेली असेल तर गेली, अर्ध्या गोळीनं काय बिघडायचंय? माझ्या जिवाला तेवढंच बरं. रोज एकीच्या तोंडात जीवन घालायचं आणि दुसरीला ढकलायचं, हे कसायाचं काम माझ्याच्यानं होत नाही.

पुढच्या बाजूला लिहिलं : गोळी दिली. खोटं नाही ते.

बुधवार, ३ जुलै

कुणाला सांगू आणि कशी सांगू! गुणाला आज आपली आपण परसाकडं झाली. आठ वर्षं साबणाची कांडी सारल्याशिवाय झाली नव्हती. मी आधी पोटच बिघडलं म्हणून घाबरले.

आणि हात कोमट आहेत. मी दहा वेळा धरून बघितले. आत्यांना म्हटलं, तुम्ही बघा. त्यांनी गालाला लावून बघितले आणि म्हणाल्या, "धाकटीचा पायगुण." मी व्हय म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बुधवार, २८ ऑगस्ट

गुणा बोलली. मी भाकरी करत होते, मागनं येऊन पदर ओढला आणि म्हणाली, "आई, दे." दोन शब्द. आवाज घोगरा, पण शब्द चोख. मी हातातली भाकरी तव्यावर करपवली. हे आपल्या दुकानातनं आले तर त्यांच्यासमोर पण म्हणाली. यांनी तोंड फिरवलं आणि सोप्यातली पोती मोजायला लागले.

ती आता जिन्याच्या दोन पायऱ्या चढते. गेल्या वर्षीचा झगा गुडघ्याच्या वर आलाय. सकाळी मी विळी घेतली की पळत येते आणि समोर उकिडवी बसून गोळी तुटताना बघते. डोळ्याची पापणी लववत नाही.

कुठायत ते चार डॉक्टर? एकेकाला हात धरून आणावंसं वाटतंय.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पर्युषण पर्व चालू आहे, सगळी बस्तीत देवाला गेलीत. माझं आज एकासन, एकवेळचं जेवण, पण मन लागत नाही म्हणून घरी आले.

त्रिशला हल्ली पुन्हा शहाणी झालीय. दुपारभर झोपते. आत्या म्हणतात, पोर समजूतदार आहे, आईला कामं करू देते. गल्लीतल्या जिनमतीबाईंचा नातू हिच्याच वयाचा, तो बसतो आणि भिंत धरायला बघतो. हिला बसवली तर कलंडते. पण पोरी पोरी सारख्या नसतात. अंगानं गुबगुबीत आहे, म्हणून जड जात असेल. चार दिवस शी नाही, तर पोटाला एरंडेल चोळलं.

पुढच्या बाजूला लिहिलं : झोप चांगली. रडणं कमी.

साताऱ्याला पंधरा दिवसांनी जायचं आहे. गुणाला बघून बाई काय म्हणतील याची मी वाट बघते आहे. सांगणार नाही म्हणते, पण सांगूनच टाकीन बहुतेक. त्यांना आनंदच होईल.

मंगळवार, ८ ऑक्टोबर. सातारा, धर्मशाळेत

हे पोरींना घेऊन झोपलेत. लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

बाईंनी त्रिशलाला तपासलं. मनगटाचा फोटो काढायला पाठवलं. काच उजेडाला धरून बघितली. "आठ महिन्यांच्या बाळाच्या मनगटात हाडाच्या दोन टिकल्या दिसायला हव्यात. हिला एकच आहे, तीही पुसट." मग वही मागितली. पुढची सगळी पानं वाचली. "गोळी रोज देत होतीस?"

"व्हय."

"अख्खी?"

मी त्रिशलाचं टोपडं सारखं करत बसले. बाईंनी आम्ही आणलेली बाटली टेबलावरनं उचलली, गोळ्याच खराब निघाल्या की काय म्हणून झाकण उघडून बघायला लागल्या. बाटली वाजली. त्याबरोबर गुणा माझ्या मागनं पुढं आली, बाईंसमोर उकिडवी बसली आणि तिनं आ केला.

बाईंनी बाटली खाली ठेवली. गुणाचा हात हातात घेतला. केसांवरनं बोटं फिरवली. मग मार्चचा कागद काढून तिला भिंतीला उभी केली आणि उंची घेतली. सहा महिन्यांत अडीच इंच. गेल्या तीन वर्षांत जेवढी वाढली नसेल तेवढी.

"कधीपासून?"

मी वही उलटी केली आणि मागची बाजू उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. कुणी डोकवायचं नाही म्हणून लिहिलेली. दुसरं मला काय सुचणार होतं?

बाई वाचत होत्या आणि मी जमीन बघत होते. चार महिने अर्धी. नेमके तेच महिने. वाचून झाल्यावर त्यांचा आवाज चढला, "अगं, मी तुला काय सांगितलं होतं? पहिल्या वर्षाचं काय सांगितलं होतं?" यांना तेव्हाच सगळं कळलं. ते त्रिशलाला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. त्यांनी एक मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं.

मी म्हणाले, "बाई, ही रोज समोर आ करून बसायची. तुमी हिच्या नावाची चिठ्ठी लिवली न्हाई."

ते उत्तर म्हणून नाही बोलले मी. खरं तेच तोंडातनं गेलं. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "आम्हाला असंच शिकवलं. उशिरा आलेलं मूल फक्त शिकाऊ मुलांना दाखवायला उपयोगाचं. गोळी दिली तर ऊब येईल, पोट साफ होईल, थोडी वाढेल, हे मला ठाऊक होतं. पण बुद्धी काही येत नाही म्हटल्यावर बाकीचं कुणी हिशेबात धरतच नाही."

"आणि त्रिशलाचं?"

"आजपासून अख्खी. गेलेलं किती भरून येतं ते ती शाळेत जाईल तेव्हा कळेल. मी खोटं सांगणार नाही."

मग त्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक त्रिशलाची, एक गुणाची. गुणाच्या चिठ्ठीवर नाव पूर्ण लिहिलं, गुणमाला जिनपाल मगदूम, वय आठ. मुंबईच्या गोळ्या एकीपुरत्याच मिळतायत, म्हणून हिला बाजारातल्याच घ्याव्या लागतील. "चालेल?" असं त्यांनी विचारलं.

मी यांना विचारायला गेले नाही. चालेल म्हणाले.

गुरुवार, १० ऑक्टोबर

येताना सांगलीला उतरून मीच दुकानात गेले आणि मेंढराच्या गाठीच्या गोळ्या घेतल्या. हे बाहेर उभे राहिले. बाटली कुणाला दिसू नये म्हणून पदरात दोन गाठी मारून बांधली, खोटं कशाला लिहू.

आत्यांना सगळं सांगितलं, दोन्ही गोष्टी. आत्या देव्हाऱ्यापुढं बसून होत्या. तिथनंच म्हणाल्या, "शेंगदाणा मोडायला मीच शिकवलं गं तुला." एवढंच. आज संध्याकाळी दिवस असताना त्यांनी आपली भाकरी वेगळ्या चुलीवर केली. माझ्या हातचं घेतलं नाही. मी काय म्हणणार? त्यांचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

शनिवार, २ नोव्हेंबर

त्रिशला आज तीन वेळा रडली. पुढच्या बाजूला लिहिलं. रडण्याचा हिशेब एवढ्या इमानानं कुठल्या आईनं ठेवला नसेल.

आणि हेही लिहायला पाहिजे. सकाळी त्रिशलाला तिची पांढरी गोळी अख्खी पाजली, पाळण्यात ठेवली. गुणाच्या हातावर तिची तपकिरी गोळी ठेवली आणि पाणी आणायला माठाकडं गेले. परत आले तर गुणा उकिडवी बसलेली, विळी समोर ओढून घेतलेली, पात्यावर गोळी आणि वरनं पाट. मी ओरडेपर्यंत कट्‌ झालं. बोट कापलं नाही, नशीब. गोळीचे बरोबर मधोमध दोन तुकडे झाले होते.

ती उठली, पाळण्याकडं गेली आणि एक तुकडा त्रिशलाच्या तोंडाजवळ धरला. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाळ. अर्धं."

आठ वर्षं, पाच डॉक्टर, आणि प्रत्येकानं सांगितलं की ही काही शिकणार नाही.

मी तिच्या बोटातनं तुकडा काढून घेतला. ती सोडेना. "न्हाई बाळा, अख्खी तुझी हाय," म्हणाले तर माझ्याकडं अशी बघायला लागली की मीच काहीतरी चोरतेय. दोन्ही तुकडे तिच्याच तोंडात घातले, पाणी पाजलं. ती गिळून पाळण्याजवळ बसली आणि रडायला लागली. तिचं बघून त्रिशला रडायला लागली. आत्या सोप्यातनं उठून आल्या, दोघींच्या मध्ये बसल्या, पण कुणाला उचललं नाही.

विळी आता फळीवर ठेवते, तिचा हात पोचणार नाही अशी.